मोहाखाली वाचलेलं अमेरिकेचं पान

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी आर्णीच्या बसस्टँडवर कोणी ना कोणी भेटतंच आणि तोच प्रश्न टाकतं. "मॅडम, तुमी थे अमेरिकेचं जुनं-पुरानं कायले शिकवत होत्या? आपल्या इकडं त्याचा उपेग काय?" विचारणारा कधी जुना विद्यार्थी असतो, कधी किराणा दुकानदार, कधी माझा सख्खा मावसभाऊ. पूर्वी मी थांबून समजावून सांगत असे. आता उलट विचारते, "तुझ्या गाडीचं इंजिन जपानचं आहे, ते आर्णीत कशाला चालवतोस?" माणूस हसतो, गाडीला किक मारतो आणि जातो. पटलं म्हणून जातो असं नाही, पण जातो.

मी मुळात मेकॅनिकची मुलगी. अब्बांचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं, आर्णीतच. मी पुढे यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूच्या एका कॉलेजात एम.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवायला लागले आणि सत्तावीस वर्षं आर्णी-यवतमाळ एस.टी.ने ये-जा केली. पण शिकवायचं कसं हे मी कुठल्याच विद्यापीठात शिकले नाही. ते गॅरेजात शिकले. शेतातून आलेला माणूस गाडी उभी करायच्या आतच सांगायचा, "चाचा, कार्बोरेटर गेला, बदलून टाका." अब्बा गाडी चालूच ठेवायला लावायचे. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनाला लावायचे आणि मूठ स्वतःच्या कानाला. मग डोळे मिटून ऐकत बसायचे. गिऱ्हाईक वैतागायचं. अब्बा म्हणायचे, "अरे भाई, पहले उसको बोलने तो दे."

माझा सगळा धंदा या एका वाक्यावर चालला.

आता धंदा म्हणजे काय ते सांगते. अमेरिकेचं सुरुवातीचं साहित्य म्हटलं की लोकांना वाटतं कथा-कादंबऱ्या असतील. तसं नाही. समुद्र ओलांडून गेलेल्या माणसांनी मायदेशी पाठवलेली पत्रं, "इकडे या, जमीन चांगली आहे" म्हणून छापलेली पत्रकं, प्रवचनं, रोजनिशा, कोर्टातले जबाब, गुलामीतून सुटलेल्यांच्या हकिकती, असा सगळा तो माल. इंग्रजी जुनं आणि वाक्यं लांबच लांब. आमची मुलं मारेगाव, घाटंजी, दारव्ह्याकडची. बारावीपर्यंत इंग्रजी म्हणजे पाठांतर. त्यांच्यापुढे हे पान ठेवलं की चेहरे पडायचे.

मी एका तासाला एकच पान घ्यायची. पान झेरॉक्स करून प्रत्येकाच्या हातात. पहिल्यांदा मोठ्याने वाचायचं, कळो न कळो. दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्य आपल्या घरच्या बोलीत सांगायचं. तिसऱ्यांदा विचारायचं, हे बघतंय कोण, कुठे उभं राहून, आणि त्याला काय दिसत नाहीये? आणि एक नियम. कोणीही काहीही मत मांडलं की ते ज्या ओळीवरून सुचलं त्या ओळीवर बोट ठेवायचं. ओळ नाही तर मत नाही. "बोट ठेव" हे मी इतक्यांदा म्हणायची की मुलांनी माझं नावच बोटवाल्या मॅडम ठेवलं होतं. लिहितानाही तेच. आपलं म्हणणं एका वाक्यात, त्याखाली पानातला पुरावा, आणि मग त्यावरून काय निघतं. गाईड वर्गात आणायला बंदी. पिवळ्या मुखपृष्ठाचं एक गाईड आमच्याकडे घरोघरी असायचं. ते मी एकदा एका मुलाच्या हातातून घेऊन खिडकीतून बाहेर टाकलं होतं. खाली प्राचार्यांची गाडी उभी होती, तो भाग वेगळा.

या पद्धतीत गंमत अशी, की इंग्रजी कच्चं असलेली मुलं कधी कधी पक्क्यांच्या पुढे जायची. ढोके नावाचे एक हवालदार बढतीसाठी एम.ए. करत होते. ड्युटी संपवून गणवेशातच वर्गात यायचे. एकदा तिकडे जाऊन वसलेल्या एका माणसाची रोजनिशी चालली होती. जंगलातल्या लोकांनी वस्तीवर कसा हल्ला केला, किती क्रूरपणे केला, असं भरगच्च पान. बाकीची मुलं क्रौर्यावर बोलत होती. ढोक्यांनी हात वर केला. "मॅडम, हा फिर्यादीचा जबाब झाला. समोरच्या पार्टीचा जबाब कोणी घेतलाच नाई. अन् घटनेच्या आदल्या दिवशीची नोंदच नाई हो यात." त्यांनी तारखांवर बोट ठेवलं. खरंच एक दिवस गायब होता. मी ते पान अनेकदा शिकवलं होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरा एक तांड्यावरचा मुलगा, राठोड. नरकाच्या आगीचं वर्णन करणारं प्रवचन वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, हे तं कीटकनाशकवाल्यासारखं हाय. पहिले अळीचा फोटो दाखवून घाबरवते, अन् शेवटच्या ओळीत औषधाचं नाव सांगते." वर्ग हसला. पण त्याने पहिल्या ओळीवर एक बोट ठेवलं आणि शेवटच्या ओळीवर दुसरं, आणि मधल्या भागात भीती कशी पायरी-पायरीने वाढत जाते ते दाखवलं. असं वाचन मला शहरातल्या सेमिनारांत कमी ऐकायला मिळालं.

आता जिच्यासाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. रेणुका टेकाम. मारेगाव तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरची. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची छोटी वस्ती. त्या पोडावरून एम.ए.ला आलेली ती पहिलीच. मुलींच्या वसतिगृहात राहायची. शेवटच्या वर्षाला माझ्या तासाला आली, शेवटच्या बाकावर बसायची आणि दोन महिने एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं, हिला काही कळत नसावं. माझ्या आयुष्यातल्या चुकीच्या निदानांची यादी मोठी आहे. त्यात हे बरंच वर आहे.

त्या दिवशी पान होतं एका पत्रकाचं. नवीन मुलखात उतरलेला एक माणूस मायदेशातल्या लोकांना लिहितोय. इथे माणसाचा हात लागलेला नाही, म्हणतो. झाडं उंच आणि विरळ, खाली ना झुडूप ना कचरा, घोडा दौडत जाईल. मध्येच उघडी जागा आहे आणि तिथे रानफळं दाट लागलीत. त्यातून एक रुंद वाट गेली आहे. देवाने आमच्यासाठीच जणू बाग तयार करून ठेवली, असा शेवट. गाईडात याचे सात मुद्दे होते. अस्पर्शित निसर्ग, ईश्वरी कृपा, आशावाद आणि असेच आणखी चार. मीही अकरा वर्षं थोड्याफार फरकाने तेच सांगत आले होते.

मागून आवाज आला. "मॅडम, हे रान जाळलेलं हाय."

सगळे मागे वळले. रेणुका उभी होती. कोणीतरी हसलं. मी म्हटलं, "बोट ठेव."

तिने ठेवलं. "इथं. खाली काईच नाई म्हन्ते हा. जंगलात असं होत नाई, मॅडम. पाला तं पडतेच. मंग पाला कुठं गेला?"

मुलं आपापल्या पानावर ती ओळ शोधायला लागली.

"आमच्याकडं मोहाचे दिवस आले का आमी झाडाखालचा पाला जाळतो," ती म्हणाली. "फूल वेचाले जागा साफ पाह्यजे ना. याच्या झाडाखाली बी कोणीतरी साफ केलं हाय. अन् हे वाट. वाट काई आपोआप पडत नाई. कोणी चालतं तवाच पडते. अन् हे उघडी जागा, हे कोणाचं तरी जुनं वावर असन."

मी खुर्चीत बसले. उभं राहून ऐकायची ती गोष्ट नव्हती. अकरा वर्षं त्या माणसाने "इथे कोणी नाही" म्हटलं आणि मी मान डोलावली. तो खोटं बोलत होता असंही नाही. त्याला सगळं दिसलं, त्याने ते इमानाने लिहिलंही, फक्त माणसं दिसली नाहीत. पुढे मी ग्रंथालयात जाऊन पुस्तकं चाळली. तिकडचे मूळ रहिवासी रान असंच जाळून साफ ठेवत, हे तिकडच्या अभ्यासकांनी केव्हाच लिहून ठेवलंय. रेणुकाने ते एकही पुस्तक न उघडता सांगितलं, आणि पानाबाहेर पाऊल न टाकता.

हिवाळी परीक्षेत नेमकं तेच पान आलं. मला आनंद झाला. निकाल लागला तेव्हा कळलं की माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्या पेपरात लटकली होती. रेणुका नापास, दोन गुणांनी. उरलेले सगळे पेपर तिचे सुटले होते. हा निघाला तर एम.ए., एम.ए. झाली तर बी.एड.ला प्रवेश. नाही निघाला तर वसतिगृह आणखी एक वर्ष ठेवणार नव्हतं, आणि पोडावर परत गेलेली मुलगी पुन्हा यवतमाळला येत नाही, हे मला माहीत होतं आणि तिला माझ्यापेक्षा जास्त.

आम्ही उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. तिचं ते उत्तर आजही माझ्याकडे आहे. इंग्रजी अडखळतं, पण प्रत्येक वाक्याला पानातली ओळ जोडलेली. पाला, वाट, जुनं शेत, सगळं. समासात तपासणाऱ्याने लाल शाईने दोनच शब्द लिहिले होते. "मुद्दे नाहीत."

इथे मला एक कबूल करायचं आहे, आणि ते मी आजवर छापील कागदावर केलेलं नाही. ते दोन शब्द मी ओळखत होते. अक्षर माझं नव्हतं, पण शब्द माझे होते. दरवर्षी मूल्यांकन केंद्रावर मीही बसायची. गठ्ठे संपवायची घाई, हातात छापील नमुना उत्तर. आम्ही उत्तरं वाचत नव्हतो. अधोरेखित मुद्दे मोजत होतो. सात मुद्दे दिसले की गुण, नाही दिसले की नाही. वर्गात मी "बोट ठेव" म्हणायची आणि केंद्रावर माझंच बोट मुद्दे मोजत खाली सरकायचं. दोन्ही कामं मी एकाच हाताने केली आणि मला कधी विसंगती वाटली नाही. मुलांना मी गाईड बंद केलं, पण तपासणारे गाईडवरूनच तपासतात हे सांगितलं नाही. अब्बांनी असं कधी केलं नसतं. एका गिऱ्हाइकाचं इंजिन ऐकायचं आणि दुसऱ्याला न ऐकताच पार्ट बदलून द्यायचा, याला आमच्या गॅरेजात हरामखोरी म्हणत.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला. मार्चमध्ये उत्तर आलं, बदल नाही.

मी रेणुकाला बोलावलं आणि खिडकीतून फेकलं होतं तसलंच पिवळं गाईड तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "सात मुद्दे आहेत. पाठ कर, मे महिन्यात लिही, पास हो आणि इथून सुट. नंतर हवं ते वाच."

तिने गाईडाला हात लावला नाही. "मॅडम, तुमीच म्हनल्या ना, पानावर नाई थे लिहाचं नाई?"

"म्हटलं होतं. आता मी दुसरं सांगतेय."

"थे पान बदललं का, मॅडम?"

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, "हट्टाने पोट भरत नाही. तुझं काय व्हायचं आहे याचा विचार कर." ती म्हणाली, "सात मुद्दे लिहून पास झाली तं मले आईपुढं तोंड दाखवता येनार नाई. तिनं आता पाला जाळला असन. तुमी एकदा येऊन पाहा." मग "मी बलावून राह्यली तुमाले," म्हणाली.

विद्यार्थिनीने मला घरी बोलवावं आणि मला ती परीक्षा वाटावी, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. रविवारी पहिल्या गाडीने निघाले. आदल्या दिवशीच घरी गेलेली रेणुका मारेगावला थांबलीच होती. तिथून काळीपिवळीने फाट्यापर्यंत आणि पुढे पायी.

तिची आई मोहाखाली बसून फुलं वेचत होती. ऊन चढू लागलं होतं. झाडाच्या घेराएवढीच जमीन काळी आणि स्वच्छ, त्यावर पिवळसर फुलं उठून दिसत होती. बाहेरच्या बाजूला हिरव्या फांदीने झोडपून आग थांबवल्याच्या खुणा होत्या. मला वाटायचं जाळणं म्हणजे पेटवून द्यायचं. इथे तर रांगोळीसारखी कड आखलेली होती. रेणुकाने मला शेजारच्या झाडाखाली नेलं. तिथला पाला अजून जाळलेला नव्हता. म्हणाली, "इथं वेचून दाखवा, मॅडम." मी बसले आणि सुक्या पाल्यात हात घालून चाचपायला लागले. बऱ्याच वेळाने हातात चार फुलं, दोन काटे आणि एक मुंगळा. आई हसायला लागली. कोलामीत काहीतरी म्हणाली. रेणुकाने सांगितलं, "थे म्हन्ते, बाईले वाचता येते, वेचता नाई येत."

मी पर्समधून पान काढलं. तिथेच, काळ्या जमिनीवर बसून आम्ही ते वाचलं. मी इंग्रजी वाचायची, रेणुका कोलामीत सांगायची. आई एका हाताने फुलं टोपलीत टाकत ऐकत होती. खाली कचरा नाही, हे ऐकून तिने मान हलवली, जाळलं असेल. रुंद वाट, मान हलवली. उघड्या जागेत दाट रानफळं म्हटल्यावर ती लगेच बोलली, आणि रेणुकाने सांगायच्या आधीच मला कळलं की ती जुनं वावर म्हणतेय. शेवटी देवाने आमच्यासाठी बाग तयार ठेवली, हे वाक्य आलं. आईचा हात थांबला. या वेळी ती माझ्याकडे बघून मराठीत बोलली.

"मंग थे जाळनारे लोक कुठं गेले?"

मी म्हटलं, "पानावर नाही, बाई."

"नाई कसं?" ती म्हणाली. "एवढं सारं लिवलं, अन् थेच नाई लिवलं?"

मी पान घडी करून ठेवलं. परतीच्या वाटेवर रेणुकाला एवढंच म्हटलं, "तुला जे लिहायचं ते लिही. माझं काम मी करते." गाईड पाठ कर म्हटल्याबद्दल माफी मागायला हवी होती. ती मागितली नाही. शिक्षकांच्या तोंडून ती लवकर निघत नाही. आता इथे मागते.

मे महिन्यात परीक्षा झाली, पेपरात पुन्हा तेच पान. तपासणीच्या आधी केंद्रावर सगळ्या परीक्षकांची बैठक होते आणि नमुना उत्तर वाचून दाखवलं जातं. दरवर्षीप्रमाणे प्रमुख होते वानखडे सर. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. कोणाचं अडलं तर धावून जायचा, कुलर बंद पडला तर स्वतः पाणी भरायचा. पण एकोणीस वर्षं त्यांनी तेच नमुना उत्तर वाचून दाखवलं होतं आणि त्यातला स्वल्पविरामही हलू दिला नव्हता. रेणुकाचं जुनं उत्तर कोणी तपासलं होतं ते मला माहीत नाही, आणि मी शोधलंही नाही. ते कोणीही असू शकलं असतं. मीही.

त्यांनी सात मुद्दे वाचले. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, ज्या पानावर हा प्रश्न आहे ते पान इथे कोणी वाचलंय? हात वर करा."

पंधरा-सोळा प्राध्यापक. एकही हात नाही. 

"मॅडम, गाईडात सारांश हाय ना," मागून कोणीतरी म्हणालं.

मी झेरॉक्स आणल्या होत्या. वाटल्या. वानखडे सर म्हणाले, "शेख मॅडम, कायले वेळ घालवून राह्यल्या? गठ्ठे पडले हायेत." मी म्हटलं, "एक पान आहे, सर. आपण इंग्रजीचे प्राध्यापक आहोत." आणि वाचायला सुरुवात केली. दोनदा वाचलं. मग म्हटलं, "पहिला मुद्दा, अस्पर्शित निसर्ग. बोट ठेवा." काहींनी खरंच ठेवलं. "आता तीन ओळी खाली या. वाट आहे ना? अस्पर्शित रानात वाट कोणी पाडली?"

मग मी ते सांगितलं जे सांगायचं की नाही हे घरून निघेपर्यंत ठरत नव्हतं. की मीही वर्षानुवर्षं उत्तरं न वाचता मुद्दे मोजून गुण दिलेत आणि किती मुलांचं नुकसान केलं त्याचा हिशोब मला लागणार नाही. की नमुना उत्तराखाली एक ओळ जोडा, पानातून पुरावा देऊन वेगळं मत मांडलं असेल तर पूर्ण गुण द्यावेत. आणि ओळ जोडली नाही तर मी एकही गठ्ठा उघडणार नाही, आणि का नाही उघडला ते लेखी देऊन जाईन.

"मॅडम, हे नियमात बसत नाई," वानखडे सर म्हणाले.

"मग नियमावर बोट ठेवा, सर. कुठे लिहिलंय?"

त्यांनी नियमावली उघडली. बराच वेळ चाळली. मग पेनाने नमुना उत्तराच्या तळाशी ती ओळ लिहिली आणि सही केली. बैठकीत गोंधळ घातल्याबद्दल मला पुढे खुलासा मागवणारं पत्र आलं. मी खुलाशाला तेच पान जोडून पाठवलं. त्यावर कोणाचंही उत्तर आलं नाही. वाचलं की नाही, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी माझ्या गठ्ठ्यातून एक उत्तरपत्रिका निघाली. नाव नसतं, नुसता सांकेतिक क्रमांक. चौथ्या वाक्यावर मी थांबले. पाला कुठे गेला, असा इंग्रजीत सरळ प्रश्न होता. शेवटच्या ओळीत कोणाचा प्रश्न असणार ते न वाचताच मला माहीत होतं, तरी वाचली. ही लेखिका माझी विद्यार्थिनी आहे असं मला वाटलं म्हणजे ती मी तपासायची नाही, हा नियम आहे आणि बरोबर आहे. मी उठले, उत्तरपत्रिका वानखडे सरांच्या टेबलावर ठेवली. "मला तपासता येत नाही, अक्षर ओळखीचं आहे. तुम्ही बघा," एवढं म्हणून परत जागेवर आले. मनातल्या मनात मी काय काय म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही.

सरांनी वाचायला घेतलं. एका पानाला इतका वेळ लागत नाही. मग त्यांनी ड्रॉवरमधून माझी झेरॉक्स काढली, घडी उलगडली आणि उत्तरपत्रिकेच्या शेजारी ठेवली. त्यांचं बोट पानावरून खाली सरकत होतं. पाल्यापाशी थांबलं, वाटेपाशी थांबलं, उघड्या जागेपाशी थांबलं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. पान उलटून त्यांनी मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"शेख मॅडम," ते जागेवरूनच म्हणाले, "मंग हे लोक गेले कुठं?"

अख्खी खोली माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "एकोणीस वर्षं पान तुमच्याकडे आहे, सर. तुम्हीच सांगा."

ते हसले नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि गुण लिहिले. किती, ते मी पाहिलं नाही. समासात लाल शाई मात्र नव्हती.

मी निवृत्त झाले त्या वर्षी तो पेपर अभ्यासक्रमातून काढून टाकला. उपयोगाचा नाही म्हणाले. म्हणोत. मी आता दर रविवारी अब्बांच्या जुन्या गॅरेजात शटर वर करून बसते. येतील त्यांना एकेक पान देते आणि बोट ठेवायला लावते. कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही.

निकालाच्या दिवशी रेणुकाचा फोन आला होता. मागे बस थांब्याचा गोंगाट. "मॅडम, निघाला पेपर," एवढंच म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिला फोनवर दिसत नव्हतं ते बरं.

मी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"सांगतलं ना. पास झाली म्हनलं."

"काय म्हणाली?"

"थे म्हन्ते, पास जाऊ दे. थे लोक कुठं गेले थे भेटलं का?"

मी म्हटलं, "नाही भेटलं. पण आईला सांग, पेपर तपासणारे एक सर धरून आता विचारणारे चौघं झालो."